हातभर करवती काठ

सातवी ब. मराठी निबंध, 'माझा आवडता प्राणी'. दहापैकी शून्य.

*

लाल मुठीची सुरी, कांदे चिरायची. नंतर ती कोणाच्याच सामानात सापडली नाही.

*

करवती काठाचं लुगडं विणायला तीन धोटे लागतात. दोन काठांचे दोन, मधल्या अंगाचा एक. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो.

*

काटेरी तारेच्या तिसऱ्या पदराला तपकिरी केसांचा झुपका. वारा आला की हलतो.

*

"सर, तुमच्या खिशातून काहीतरी लोंबून राहिलं."

*

विश्वनाथ निखारे मूळचा उमरेडचा, कोष्ट्याच्या घरचा. आता नागपुरात मानेवाड्याला राहतो, शाळेत मराठी शिकवतो, आणि येत्या जूनमध्ये तो मुख्याध्यापक होणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दारावर लावायची पाटी त्याने मनातल्या मनात रंगवूनही ठेवली होती. वय एकोणपन्नास. उभ्या आयुष्यात त्याने कोणाच्या झाडाची कैरी तोडली नव्हती. याचा त्याला अभिमान कमी आणि सल जास्त होता.

त्या सलावर मीठ चोळायला उन्मेष होता. दोघे एका बाकावर शिकलेले. उन्मेषचं कळमेश्वरला शेतीच्या अवजारांचं दुकान, उमरेडच्या पलीकडे कुही रस्त्याला बारा एकर शेत, आणि परवान्याची एक बंदूक.

"तू जिंदगीत काही केलं काय बे, मास्तर?" उन्मेष म्हणायचा. "पोट्ट्याइले बाकावर उभं करणं सोडून?"

जानेवारीत त्याने बेत काढला. म्हणे कॅम्पिंग. "दोन तंबू मागवले मी. रोही हरभरा खाऊन राहिले वावरात. मारायचा कागद हाय माह्यापाशी, एकदम कायदेशीर. फक्त कुत्रा नाई. तुह्या बाचा धोटा घेऊन ये."

रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, कळपाने शिरलं की सकाळपर्यंत हरभऱ्याचं वाटोळं. कागद आहे म्हटल्यावर विश्वनाथला धीर आला. कागदावर त्याचा फार विश्वास. राहता राहिला कुत्रा.

*

धोटा बळीरामचा. बळीराम म्हणजे विश्वनाथचा बाप, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उमरेडला एकटा राहणारा. हात थरथरायला लागल्यावर त्याने माग बंद केला. शेवटच्या लुगड्याचा हातभर काठ उरला होता, लाल, करवतीच्या दातांची नक्षी असलेला. त्याच सुमारास घरात एक पिल्लू शिरलं. ते दिवसभर अंगणात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. म्हाताऱ्याने त्याचं नाव धोटा ठेवलं आणि तो काठ दुहेरी शिवून, बक्कल लावून त्याच्या गळ्यात घातला. आळीत तसा काठ विणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. उमरेडात कोणीही तो पट्टा पाहिला की म्हणे, हा बळीरामबुवाचा कुत्रा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर विश्वनाथ उमरेडला गेला.

"बा, धोट्याले नागपूरले नेतो. रेबीजची लस टोचून आणतो."

बळीराम कुत्र्याची मान खाजवत होता. तो हात थांबला. "लस?"

"हाव. दवाखान्यात. दोन दिवस लागतील."

म्हाताऱ्याने सुईच्या डब्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं. ने." आणि कुत्र्याला मोटारसायकलच्या टाकीवर चढवताना, "पट्टा नको काढू गा त्याचा. पट्टा काढला का त्याले वाटते, घरातून काढून टाकलं."

*

तंबू उभे करायला दीड तास लागला. उन्मेषने मोबाइलवर व्हिडिओ दोनदा पाहिला, तरी चार दांड्या उरल्याच. शेताचा राखणदार आनंदराव, साठीचा, तोंडावर दुपट्टा धरून हसत होता.

"घरी पक्कं छप्पर असून माणसं कापडात झोपाले येते," तो म्हणाला, "हे पहिल्यांदा पाहून राहिलो."

त्याने गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले. उन्मेषने लाल मुठीच्या सुरीने कांदे चिरले. विश्वनाथला त्या धुरात, त्या गारठ्यात आपण कोणीतरी दुसरेच असल्यासारखं वाटत होतं, आणि ते फार बरं वाटत होतं. धोट्याने उन्मेषची चप्पल पळवून दातात धरली. उन्मेषने रोडग्याचा तुकडा दाखवला, ओरडला, शेपटी ओढली. कुत्रा ढिम्म.

"धोट्या, सोड," विश्वनाथ म्हणाला. चप्पल खाली पडली.

"अरे वा! मास्तरचं ऐकणारा कोणी निघाला," उन्मेष म्हणाला.

आनंदरावने मान डोलावली. "शिकारीचा कुत्रा असाच पाहिजे. दातात धरलेलं मालकाच्या हाकेबिगर सोडत नाई. आमच्या बापाच्या वक्ती दोन गावांची शिकार एका झुडपात भेटली, का भांडण लागे. जनावर कोणाचं? मंग पंच म्हणत, मारा हाका. ज्याच्या हाकेनं कुत्रा उठला, जनावर त्याचं. दुसरा पुरावा नोको. कुत्रा खोटा नाई बोलत."

"आणि हाकच नाही मारली तर?" विश्वनाथने विचारलं.

आनंदरावला तो प्रश्नच कळला नाही. "काहून नाई मारन कोणी?" तो म्हणाला.

*

*पंचनामा. रकाना चार, मृत प्राण्याचे वर्णन: काळवीट जातीचे हरीण, मादी, पूर्ण वाढ झालेली. मानेवर दातांच्या खुणा. बंदुकीची जखम नाही.*

*

सकाळी साडेसहाला रोही दिसले. पाच. उन्मेषने बार काढला आणि तो तुरीच्या शेंगांना लागला. रोही दडदडत निघून गेले. पण त्या आवाजाने पलीकडच्या पडीत चरत असलेली हरणं उधळली, आणि त्यांच्या मागे धोटा सुटला.

विश्वनाथने त्याला बोलवायला हवं होतं. तो शंभर पावलांवर होता तोवर हाक पोहोचली असती. पण मास्तर तुरीच्या काठाला उभा राहून बघत राहिला. कुत्रा काय धावत होता! एक मादी कळपातून फुटली, तारेच्या कुंपणावर झेपावली, मागचा पाय अडकला. धोटा तारेखालून घुसला, खांदा फाटला तरी थांबला नाही, आणि त्याने मान धरली.

"वाह रे पठ्ठ्या!" विश्वनाथ ओरडला.

हे तोच ओरडला. उन्मेष नाही, आनंदराव नाही. हे शब्द पुढे त्याला वर्गात, आंघोळ करताना, सिग्नलला गाडी थांबली की ऐकू यायचे.

ते पोहोचेपर्यंत मादी थंड झाली होती. धोटा तिच्या मानेवर जबडा ठेवून आडवा पडला होता. खात नव्हता. वाट पाहत होता.

उन्मेषचा चेहरा उतरला. "अबे, हे रोही नाही. हरीण हाय हे! याच्यात जामीन नाही मिळत, मास्तर. तुह्या नोकरीची वाट लागते."

तेवढ्यात बांधापलीकडून जीपचा आवाज आला. बार ऐकून कोणीतरी येत होतं.

"मोकाट कुत्र्यानं मारलं म्हणू," उन्मेष घाईने म्हणाला. "रोज मारतात. कोणावर केस नाही, काही नाही. पट्टा काढ त्याचा, लवकर!"

बक्कल रक्ताने आणि चिखलाने बसलं होतं. निघेना. उन्मेषने खिशातून सुरी काढून दिली, तीच, कांद्याची. विश्वनाथने काठ ताणला आणि कापला. धोटा हलला नाही. मान मोकळी झाली तेव्हा त्याने फक्त डोळे वर करून पाहिलं. विश्वनाथने पट्टा पँटच्या खिशात कोंबला.

"मास्तर, हाक मारा," आनंदराव म्हणाला. "तो तुमच्यासाठी थांबून हाय."

जीप थांबली.

*

*रकाना सात, कुत्र्याचे वर्णन: नर, भुरका, सडपातळ. डाव्या खांद्यावर ताजी जखम. गळ्यात पट्टा नाही. गळ्याभोवतीचे केस बोटभर रुंदीत दबलेले.*

*

जीपमधून वनरक्षक बाई उतरली, तिशीच्या आतली, खाकी कपड्यातली. सोबत एक वनमजूर. तिने आधी बंदूक पाहिली, उन्मेषचा कागद दोन्ही बाजूंनी वाचला, हरणापाशी उकिडवी बसून मान तपासली.

"गोळी नाही लागली हिले. दाताचं काम हाय." मग तिने वर पाहिलं आणि ती एकदम उभी राहिली. "निखारे सर?"

विश्वनाथने बांधाकडे पाहिलं.

"ओळखलं नाही काय, सर? मी प्रियदर्शनी. रामटेकेंची. सातवी ब, उमरेड."

ओळखलं होतं. उमरेडच्या शाळेत असतानाची गोष्ट. या मुलीने निबंध गाइडातून उतरवला होता. त्याने तिला वर्गापुढे उभं केलं, शून्य दिलं, आणि म्हणाला होता, 'जे आपलं नाही ते आपलं म्हणून सांगू नये.' ती रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी स्वतःचा निबंध लिहून घेऊन आली होती, शेळीवरचा, अर्ध्या पानाचा. तो त्याने तपासला की नाही हे त्याला आता आठवेना.

"सर इकडं कसे?"

"कॅम्पिंग," उन्मेष मध्येच बोलला. "आम्ही तंबूत होतो, मॅडम. गावचा मोकाट कुत्रा हाय हा. आमच्यासमोर मारलं त्यानं."

तिने उन्मेषकडे पाहिलंच नाही. "सर, तुम्ही सांगा. कुत्रा कोणाचा हाय? तुम्ही म्हणाल तेच लिहिते मी."

तिच्या हातात पॅड होतं, पेन उघडं. उपहास नव्हता. ती खरंच तेच लिहिणार होती. हे विश्वनाथला कळत होतं, आणि म्हणूनच पळायला वाट नव्हती.

जूनमधली पाटी त्याच्या डोळ्यांपुढे आली. पांढरी, निळ्या अक्षरांची.

"माझा नाही," तो म्हणाला.

घरी, मित्रांत तो नागपुरी बोलायचा. हे वाक्य मात्र पुस्तकातल्यासारखं स्वच्छ निघालं. आणि त्याचा आवाज ऐकून धोट्याने, जबडा तसाच ठेवून, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली.

ते सगळ्यांनी पाहिलं.

प्रियदर्शनीने लिहिलं. मग म्हणाली, "त्याले सोडवा लागते आता. जखम हाय त्याले. कोणाची हाक ऐकते का पाहा."

उन्मेष ओरडला, "ए, हट! हट बे!" वनमजुराने चुचकारलं. आनंदरावने तोंड फिरवून कुंपणाकडे केलं. उरला विश्वनाथ. एक शब्द होता, दोन अक्षरांचा. बापाने ठेवलेला. विश्वनाथने तो उच्चारला नाही. प्रियदर्शनी थांबली होती. सातवीतली पोरगी फळ्याकडे पाहत उभी राहावी तशी.

मग तिची नजर खाली गेली.

"सर," ती हळू म्हणाली, "तुमच्या खिशातून काहीतरी लोंबून राहिलं."

लाल काठाचं वीतभर टोक पँटीबाहेर आलं होतं, करवतीच्या दातांसकट. ती उमरेडची. तो काठ कोणाचा, हे तिला कोणी सांगायला नको होतं. विश्वनाथने ते टोक आत ढकललं. रुमाल ढकलतात तसं.

तिने लिहिलेलं खोडलं नाही. वनमजुराने धोट्यावर पोतं टाकलं, काठीने जबडा उघडला. कुत्रा चावला नाही, भुंकला नाही. पोत्याच्या तोंडातून फक्त शोधत राहिला, कोण बोलावतं ते.

"फॉरेस्टच्या नाक्यावर नेते," ती म्हणाली. "टाके घालाले लागतील." आणि जीप गेली.

"वाचलो बे!" उन्मेषने विश्वनाथच्या पाठीत थाप मारली.

आनंदराव तंबूच्या खुंट्या उपटत होता. त्याने सकाळचा चहा त्यांच्यासोबत घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "हाकेबिगर कुत्रा नेलेला पहिल्यांदा पाहून राहिलो, मास्तर."

*

वाटेत विश्वनाथने गोष्ट तयार केली. दवाखान्याची गर्दी, सुई पाहून बिथरलेला कुत्रा, पट्टा तुटला, कुत्रा रस्त्यावर, रस्ता वाहनांचा. चांगली गोष्ट होती. निबंध असता तर त्याने स्वतःला सात दिले असते. पट्टा पुरावा म्हणून जवळ होताच. एका नळावर त्याने तो धुऊन घेतला, रक्त गेलं. म्हाताऱ्याच्या हाती निदान काठ तरी देऊ, त्याला वाटलं. तेवढाच आधार.

सगळी चूक इथे झाली. दुसऱ्या कोणाच्या बापापुढे ती खपली असती.

बळीराम ओसरीत बसला होता. त्याने गोष्ट पूर्ण ऐकून घेतली, दवाखान्याच्या गर्दीपासून वाहनांपर्यंत. मग हात पुढे केला. पट्टा घेतला, चष्मा लावला, आणि टोक उन्हाकडे धरलं.

कापड तुटतं तेव्हा प्रत्येक धागा आपापल्या जागी दम सोडतो. कोणी लांब, कोणी आखूड. त्याची झिरमिळी होते. ज्याने साठ वर्षं तुटलेले धागे सांधले त्याचा अंगठा हे अंधारातही सांगेल. बळीरामने टोकावरून अंगठा फिरवला. टोक भिंतीसारखं सरळ होतं. त्याने ते नाकाशी नेलं.

"हे तुटलं नाही गा," तो म्हणाला. "कापलं हाय. कांद्याच्या सुरीनं."

तो रागावला नाही. रागावला असता तर विश्वनाथला उत्तर देता आलं असतं. तो नुसता चष्मा पुसत बसला, पोराला वेळ देत.

मग विश्वनाथने सगळं सांगितलं. तंबू, रोही, हरीण. 'वाह रे पठ्ठ्या' सुद्धा. 'माझा नाही' हे सांगताना तो अडखळला, तेव्हा म्हाताऱ्याने सुईचा डबा जवळ ओढला. थरथरत्या हाताने त्याला सुईत दोरा ओवता येईना. विश्वनाथ पुढे झाला. "राहू दे," बळीराम म्हणाला, आणि पाचव्या वेळेला ओवला. काठाची दोन टोकं एकावर एक ठेवून त्याने शिवली. पट्टा बोटभर आखूड झाला.

"कोठी हाय?"

"नाक्यावर."

"चाल. गाडी काढ."

*

नाक्याच्या चौकीसमोर सागाच्या सावलीत धोटा पडला होता, खांद्यावर पट्टी, गळ्यात सुतळी. प्रियदर्शनी खुर्चीत बसून जेवणाचा डबा उघडत होती. तिने डबा बंद केला.

बळीराम तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. विश्वनाथ मोटारसायकलपाशीच थांबला. हेल्मेट काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही, असं तो नंतर स्वतःला सांगायचा.

"बाई, कुत्रा माहा हाय. बळीराम निखारे. माहं नाव लिहून घे."

ती म्हाताऱ्याशी अदबीने बोलली. "आजोबा, कागदावर मोकाट लिहिलं सकाळी. मोकाट कुत्रा कोणीबी पाळू शकते. घेऊन जा तुम्ही."

"सापडलेला नोको. माहा हाय म्हणून पाहिजे."

"तसं लिहिलं तर केस होते, आजोबा. तुमच्यावर."

"होऊ दे."

तिने विश्वनाथकडे पाहिलं, मग लगेच नजर काढून घेतली. शिक्षक उघडा पडलेला विद्यार्थ्याला बघवत नाही. तिने तोंड वळवलं हे त्याला सकाळच्या प्रश्नापेक्षाही जड गेलं.

बळीराम मागे न वळताच म्हणाला, "विश्या. हाक मार."

विश्वनाथने हेल्मेट काढलं. त्याने हाक मारली, पण इतकी हळू, की ती कुत्र्याला ऐकू जाऊ नये असंच त्याला वाटत होतं. हे खरं आहे, आणि हे त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"धोट्या."

कुत्रा उठला. तीन पायांवर, सुतळी ताणून, म्हाताऱ्याला ओलांडून तो त्याच्याकडेच निघाला. सुतळी संपली तिथे थांबून, शेपटीसकट सगळं मागचं अंग हलवत राहिला. जणू सकाळपासून एवढ्याचसाठी तो अडला होता. त्याच्या डोळ्यांत राग शोधला तरी सापडला नसता.

विश्वनाथ चालत गेला. वीस पावलं असतील. मातीत गुडघे टेकून त्याने सुतळी सोडली आणि बापाच्या हातातून पट्टा घेऊन बांधला. आखूड झाल्यामुळे शेवटच्याच भोकात बसला. पट्ट्याखाली दोन बोटं जातात का, ते त्याने पाहिलं. जात होती.

प्रियदर्शनीने नवा कागद काढला होता.

"नाव सांगा, सर," ती म्हणाली. "मले माहीत हाय. पण तुम्ही सांगितल्याबिगर लिहिता येत नाही."

"विश्वनाथ बळीराम निखारे," तो कुत्र्याच्या मानेत तोंड घालून म्हणाला. ते तिला नीट ऐकू आलं नाही. त्याला परत सांगावं लागलं, वर बघून.

जूनमध्ये पाटी लागली. नाव दुसऱ्याचं होतं.

*

धोट्याला रेबीजची लस डिसेंबरच्या नऊ तारखेलाच टोचून झाली होती. कार्ड बळीरामच्या सुईच्या डब्यात होतं.